दोनदा चालू करायचं यंत्र

इरफान, तुझ्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे माझं वाक्य नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या शोकसभेत अध्यक्ष असं म्हणाले. गेल्या वर्षी एका पतसंस्थेचे चेअरमन वारले, तेव्हा याच सभागृहात त्यांनी हीच पोकळी निर्माण केली होती. ती चेअरमनच्या मुलानं पुढच्याच बैठकीत भरून टाकली. तुझी पोकळी भरायला मात्र कुणी पुढं आलं नाही, कारण ती नेमकी कुठं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

व्यासपीठावर फ्लेक्स होता. त्यावर तुझा फोटो आणि त्यामागं लग्नातले फोटोग्राफर गळ्यात अडकवतात तसला मोठा कॅमेरा. खाली लिहिलं होतं, ‘कॅमेरा क्षेत्रातील तारा निखळला’. तू जन्मात कुणाचा धड फोटो काढला नाहीस. माझे काढलेस ते दोन्ही माझ्याकडं आहेत, आणि दोन्हींत माझं डोकं कापलेलं आहे. एक वक्ते म्हणाले की तू सांगलीचं नाव सातासमुद्रापार नेलंस. त्यातल्या त्यात खरं बोलले ते तुझ्या कॉलनीचे सेक्रेटरी. इरफानभाईंनी आमचा गेटवरचा कॅमेरा दुरुस्त करून दिला आणि चहासुद्धा घेतला नाही, एवढंच ते म्हणाले आणि बसले. तिथं उंदरानं वायर कुरतडली होती, हे तू मला सांगितलं होतंस. चहा न घेण्याचं कारणही सांगितलं होतंस, ते इथं लिहीत नाही.

मलाही बोलायला लावलं. मी उठलो आणि तू काय करायचास ते सांगायला लागलो, तसे पहिल्या रांगेतले लोक मोबाइल बघायला लागले. मी आवरतं घेतलं. ते राहिलेलं इथं लिहितोय. तू हे वाचणार नाहीस, म्हणजे निदान कापाकापी तरी करणार नाहीस.

कॅमेऱ्याच्या आत, लेन्सच्या मागं, एक चिप असते. तिला चालायला बाहेरून एक नियमित ठोका लागतो, त्याला या धंद्यात क्लॉक म्हणतात. ठोका कुठून येणार आणि किती वेगानं येणार, हे ऑपरेटिंग सिस्टीममधल्या त्या कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरनं, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं, विचारून घ्यायचं असतं. काही यंत्रांत ठोका देणाऱ्याचा पत्ता मिळतो. काही यंत्रांत पत्ता मिळत नाही, नुसता वेग लिहून ठेवलेला असतो. आता कॅमेऱ्याच्या चिपा ढीगभर, प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा आणि प्रत्येक ड्रायव्हर लिहिणारा माणूस वेगळा. त्यामुळं विचारायची पद्धतही प्रत्येकाची आपापली. तू ठरवलंस की सगळ्यांनी एकाच पद्धतीनं विचारायचं. ती ऑपरेटिंग सिस्टीम जगभरातली माणसं मिळून फुकट लिहितात. कुणालाही दुरुस्ती पाठवता येते आणि कुणालाही तिच्यातल्या चुका चारचौघांत काढता येतात. विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून तू एकेक ड्रायव्हर सरळ करत होतास. सभेत सांगायला हे फार लांब पडतं आणि ऐकायला फार लहान वाटतं.

पण तू त्यात पडलास तो हळदीमुळं, हे सभेतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

माझा धंदा तुला माहीत होता आणि त्याबद्दलचं तुझं मतही मला माहीत होतं. हळकुंडं रंगावरून निवडणारी छोटी यंत्रं मी मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांना बसवून देतो आणि ती बंद पडली की विजेला दोष देतो. बाबूशेठच्या अडतीत असंच एक बसवलं होतं. ते शालनताई चालवायच्या. आधी त्या हातानं हळद निवडायच्या, यंत्र आल्यावर यंत्र त्यांच्या ताब्यात आलं. तू त्या दिवशी माझा मल्टिमीटर परत द्यायला आला होतास, म्हणजे मी मागून मागून थकल्यावर. शालनताईंनी यंत्र चालू केलं, पडदा काळाच. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा चालू केलं. पडद्यावर पिवळी हळद आली. त्या कामाला लागल्या.

तू विचारलंस, “असं रोज करता?”

“व्हय की. पयल्यांदा आंधळं असतंय ते. दुसऱ्यांदा डोळं उघडतंय.”

मी म्हटलं, चालतंय ना, मग झालं. तू मल्टिमीटर माझ्या हातात दिलास, हळदीच्या पोत्यावर बसलास आणि शालनताईंना म्हणालास, मावशी, परत एकदा बंद करून दाखवा. त्यांनी दाखवलं. मग यंत्र गार होईपर्यंत थांबून परत. दुपारपर्यंत तुझी पॅन्ट पिवळी झाली होती आणि बाबूशेठ मला बाजूला घेऊन विचारत होते की हा माणूस कुणी पाठवलाय.

तुला काय सापडलं ते तू मला परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागं बसून माझ्या कानात ओरडून सांगितलंस. त्या यंत्रात ठोका देणारी चिप निराळी होती आणि सकाळी, यंत्र गार असताना, ती तयार व्हायला उशीर लावायची. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर विचारायचा, क्लॉक आहे का? सिस्टीम सांगायची, अजून नाही, जरा वेळानं विचार. आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्या शहाण्यानं ‘अजून नाही’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांना एकच समजलं होतं. ड्रायव्हर तिथंच हात टेकायचा. दुसऱ्यांदा चालू करेपर्यंत ती चिप जागी झालेली असायची, म्हणून दिसायचं. त्यावरूनच पुढं तू जी सामायिक पद्धत आखलीस, तिच्यात ही दोन उत्तरं वेगळी होती. ‘अजून नाही’ आलं की ड्रायव्हर गप बाजूला व्हायचा आणि सिस्टीम त्याला थोड्या वेळानं परत बोलवायची.

आपला वाद तिथं सुरू झाला तो काही संपला नाही. माझं म्हणणं साधं होतं. एका बाईला एक बटण एकदा जास्त दाबावं लागतं. त्यासाठी जगभरातल्या माणसांना कामाला लावायचं, हे जरा जास्त होतंय. तुझं म्हणणं त्याहून साधं होतं.

“सातारकर, दोनदा चालू करणं ही दुरुस्ती न्हवं गड्या, सवय हाय.”

“जग सवयीवरच चालतंय.”

“म्हणून तर दोनदा चालू करावं लागतंय.”

तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस. मी साताऱ्याकडचा म्हणून सातारकर. रागात असलास की ‘आवं सातारकर’. त्या दिवशी चारदा-पाचदा ‘आवं’ झालं. तुझ्या दुरुस्तीनं यंत्राला पहिल्याच झटक्यात दिसलं तर मी साताऱ्याहून कंदी पेढे आणायचे, अशी पैजही लागली.

मग तू दुरुस्त्यांची ती लांबलचक माळ लिहायला घेतलीस. प्रत्येक दुरुस्तीसोबत ती का करावी लागली याचं इंग्रजीत चार ओळींचं कारण द्यावं लागतं. मी वाचणारा माणूस, म्हणून तू ते माझ्याकडून तपासून घ्यायचास. हळदीच्या ड्रायव्हरचं कारण मी एकदा मन लावून लिहिलं. त्यात धीर, प्रतीक्षा, नकार आणि विलंब यांच्यातला सूक्ष्म भेद, असं बरंच काही होतं. तू सगळं कापलंस. उरलं ते असं: क्लॉक तयार नसल्यास ड्रायव्हर चुकीच्या पद्धतीनं हार मानतो, ते दुरुस्त केलं. मी म्हटलं, एवढंच? तू म्हणालास, जे वाचणार आहेत त्यांना कामं आहेत. लिहिण्याबद्दल इतका उपयोगी सल्ला मला आजवर कुठल्या जाड पुस्तकात मिळालेला नाही. हे मी तुला त्या वेळी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू महिनाभर ऐकवलं असतंस.

त्या जगात आणखी एक रीत आहे. दोष ज्याच्या लक्षात आला त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं. तू शालनताईंचं नाव लिहायला निघालास. मी म्हटलं, हा भावनेचा प्रकार झाला. तू म्हणालास, त्यांनीच सांगितलं ना, पहिल्यांदा आंधळं असतं म्हणून? मग? तू यार्डात जाऊन त्यांची परवानगी मागितलीस. त्या हादरल्या.

“माझं नाव? आवं, नगं. शेठ म्हनतील शालननंच मोडलं.”

तू त्यांना समजावून सांगितलंस की हे मानाचं असतं. त्या म्हणाल्या, मान असू दे, पण लिहिलेलं कागदावर राहतं. माझं सगळं वाचन एका बाजूला ठेवून मला त्यांचं म्हणणं पटलं. शेवटी तू ‘सांगलीतील एक यंत्रचालक’ असं लिहिलंस आणि आठवडाभर नाराज राहिलास.

माळ गेली. युरोपात कुठंतरी राहणारा एक माणूस हे सगळं तपासतो. त्यानं बहुतेक दुरुस्त्या बऱ्या म्हटल्या आणि हळदीच्या ड्रायव्हरपाशी अडला. हे खऱ्या यंत्रावर चालवून पाहिलंय का? नसेल तर एवढी एक दुरुस्ती वगळा, बाकीच्या घेतो. प्रश्न रास्त होता. चालवून पाहायचं तर बाबूशेठच्या यंत्रातली सिस्टीम बदलायला हवी, आणि हळदीचा हंगाम ऐन भरात. बाबूशेठ म्हणाले, हंगाम उरकू दे, मग यंत्र काय, मला उघडून बघा. तिकडं दुसऱ्या कुणीतरी त्याच ड्रायव्हरला आपली वेगळी मलमपट्टी पाठवायची तयारी दाखवली होती. ती आधी गेली असती तर तुझी दुरुस्ती बाजूला पडली असती आणि ‘अजून नाही’ तिथं पुन्हा ‘नाही’ होऊन बसलं असतं.

आपलं शेवटचं बोलणं यावरच झालं. मी म्हटलं, वगळ ती एक. बाकीची माळ जाईल, नाव होईल. तू म्हणालास, ज्याच्यासाठी सुरू केलं तेच वगळू? मी म्हटलं, हो. तू म्हणालास, बघू. आणि फोन ठेवलास. दोन दिवसांनी आष्ट्याहून, तुझ्या घरून, फोन आला. पोचायला उशीर झाला, असं घरचे म्हणाले. दवाखान्यात, म्हणजे.

शेवटच्या भेटीत काहीतरी मोठं बोललेलं असावं, असं लोकांना वाटतं. आपण एका ड्रायव्हरवरून भांडलो. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. ज्याच्याशी भांडण चालू आहे तो माणूस हयात असतो, अशी माझी मनातली एक समजूत होती. तेवढी गेली.

आष्ट्याला कब्रस्तानात मूठमूठ माती सगळ्यांनी टाकली, मीही टाकली. नंतर तुझे अब्बा दुकानाच्या पायरीवर बसले होते. धार लावायला आलेले कोयते मागं रांगेनं टांगलेले होते. चार माणसं येत होती, काही बोलत होती, जात होती. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“त्याच्याकडं कुणाचं काम अर्धं ऱ्हायलंय का?”

मी म्हटलं, एक राहिलंय, चाचा. पण ते तसं कुणा एकाचं नाही.

“एकाचं नसंना, लोकाचंच हाय न्हवं? मंग पुरं करून देऊन टाका. कोयता लोकाचा असतोय. अर्धा घासून ठिवून भागत न्हाई.”

ते एवढंच बोलले आणि पायरीवरची धूळ हातानं झाडत बसले. मला तुझ्याशी वाद घालता आला असता. त्यांच्याशी कसा घालणार?

बाबूशेठकडं गेलो. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, अमावस्येला हमालांची सुट्टी असते, काटा बंद असतो, त्या दिवशी काय करायचं ते करा. मी म्हटलं, शेठ, अमावस्येला नवीन काम? तर म्हणाले, अहो, बिघडलंच तर अमावस्येवर ढकलता येईल. बाकीच्या दिवशी कुणावर ढकलू? मी अनेक व्यवस्थापन तज्ज्ञांची भाषणं ऐकली आहेत. जोखमीचा इतका स्वच्छ विचार कुणी मांडलेला आठवत नाही.

अमावस्येला सकाळी यार्डात चिटपाखरू नव्हतं. शालनताई मात्र आल्या. माझं यंत्र परक्याच्या हाती देणार नाही, म्हणाल्या, आणि परका म्हणजे मी. आधी जुनी सिस्टीम ठेवून यंत्र चालू केलं. पडदा काळा. बरोबर. मग तू चारचौघांत पाठवलेली दुरुस्ती तिथूनच उतरवून घेतली, बसवली, आणि यंत्र गार व्हायची वाट बघत बसलो. शालनताईंनी घरचं भडंग आणलं होतं. त्यांनी विचारलं, हे काय करताय ते नीट सांगा. मी सांगायला सुरुवात केली. धीर वगैरे शब्द तोंडात येत होते, ते गिळले. म्हटलं, मावशी, कॅमेऱ्याला कुणीतरी ‘थांब जरा’ म्हणत होतं, त्याला ते ‘जा’ असं वाटत होतं. इरफाननं त्याला थांबायला शिकवलंय.

यंत्र चालू केलं. हळद दिसली.

बंद केलं, गार केलं, परत चालू केलं. दिसली. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. एकदाही पडदा काळा राहिला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, आवं सातारकर, आता बोला. तुझं बरोबर होतं. लिहून देतो, आणि लिहिलेलं राहतं.

निघताना शालनताईंनी विचारलं, ह्यात त्यांचं नाव ऱ्हातंय का? म्हटलं, राहतं. दुरुस्ती त्याची, नाव त्याचंच. मी नुसता पाठवणार आणि चालवून पाहिलं म्हणून खाली माझं नाव लिहिणार. त्यांनी पदरानं यंत्राच्या काचेवरची हळद पुसली.

“मंग माझं बी घाला. त्यांचं एकट्याचं कशाला ऱ्हायाचं.”

मी गाडीपाशी आलो आणि बराच वेळ किल्ली सापडेना. ती खिशातच होती.

दुरुस्ती पाठवली. दुरुस्तीखाली लागते ती सही तू आधीच केली होतीस आणि नियमानं ती चालते. मेलेल्या माणसाची सही चालते असं उघडपणे कबूल करणारी मला माहीत असलेली ही एकच जागा आहे. सहकारात मी इतर जागाही पाहिल्या आहेत, पण तिथं कुणी कबूल करत नाही. लेखक आता हयात नाही, प्रश्नांची उत्तरं मी देईन, अशी एक ओळ मी वर लिहिली. हळूहळू लिहिली, मग कापली, मग तेवढीच ठेवली.

त्या युरोपातल्या माणसाचं उत्तर आलं. पहिली ओळ: वाईट वाटलं, त्याच्याशी वाद घालायला मजा यायची. दुसरी ओळ: वर्णनाच्या तिसऱ्या वाक्यात क्रियापदाचा काळ चुकलाय, तेवढा बदलून पाठवा. मी शोकसभेतली सगळी भाषणं ऐकली. मला हीच श्रद्धांजली सर्वात जवळची वाटली. तूही अशीच लिहिली असतीस, फक्त पहिली ओळ नसती. चुकलेला काळ माझा होता, चालवून पाहिल्याबद्दल मी जोडलेल्या वाक्यातला. बदलला. त्यानं दुरुस्ती घेतली, अख्खी माळ घेतली. दोषाची खबर देणाऱ्याच्या जागी शालनताईंचं नाव आहे, गावासकट. वेगळ्या मलमपट्टीवाल्यानं आपली मागं घेतली आणि तुझी बरी आहे असं लिहिलं.

कबूल केल्याप्रमाणं साताऱ्याहून कंदी पेढे आणले. पैज तू जिंकलास आणि खायला हजर नाहीस, हा तुझा जुनाच घोळ. पुडा आष्ट्याला अब्बांना दिला. त्यांनी विचारलं, झालं काम? म्हटलं, झालं, चाचा. लोकांचं लोकांना दिलं. त्यांनी एक पेढा खाल्ला, एक मला दिला आणि कोयत्याची धार अंगठ्यानं बघायला लागले.

तुझी दुरुस्ती आता नव्या आवृत्तीत गेली आहे. तो ड्रायव्हर जिथं जिथं आहे तिथं तिथं, तुझ्याबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या लोकांच्या यंत्रांत, कॅमेरा आता ‘अजून नाही’ ऐकून थांबतो. यातून एखादं रूपक काढायचा मला मोह होतोय. कापून टाकलं, काळजी करू नकोस.

काल बाबूशेठच्या अडतीत सहज गेलो होतो. शालनताईंनी यंत्र चालू केलं. पहिल्या झटक्यात लख्ख हळद दिसली. त्यांनी ती नीट बघितली, यंत्र बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

मी म्हटलं, मावशी, पहिल्यांदाच दिसलं होतं की.

“दिसलं. पर दोनदा केलेलं बरं.”